बुधवारचा उपास

काकीने पहिल्या दिवशी मला नाव विचारलं नाही. लालबागच्या एका जुन्या चाळीत तळमजल्यावर तिच्या दोन खोल्या होत्या. तिथे दिवाळीचा फराळ करायला बायका हव्यात असं ऐकून मी गेले होते. दारात उभी राहिले, आत ये म्हणण्याची वाट बघत. काकी चकलीची भाजणी चाळत बसली होती. तिने मान वर केली आणि म्हणाली, "जीभ दाखव."

मला वाटलं, माझ्या मागे एखादं लहान मूल उभं असेल. वळून बघितलं तर कोणी नव्हतं. आत चार बायका पीठ मळत होत्या, त्या खाली बघून हसायला लागल्या. चाळिशी ओलांडलेल्या बाईने परक्या दारात उभं राहून जीभ बाहेर काढायची म्हणजे काय. पण काम हवं होतं. काढली.

"पोट साफ होत नाही तुझं. ताक पीत नाहीस," काकी म्हणाली. "उद्या आठला ये. घरून खाऊन येऊ नको."

 शेजारणीशी बोलायचं तरी दोनदा विचार करणारी मी, आणि या बाईने पहिल्या मिनिटात माझं पोट चारचौघींत काढलं. त्याहून मोठा धक्का हा की तिचं म्हणणं खरं होतं.

काकी जाऊन आता दोन वर्षं होतील. ती गेल्यावर तिच्याबद्दल कोणी काही लिहिणार नाही हे मला माहीत आहे, म्हणून मी लिहिते आहे. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण अक्षर बरं आहे. फराळाच्या डब्यात घालायच्या चिठ्ठ्या काकी माझ्याकडूनच लिहून घ्यायची.

उंच, हाडकुळी, केस पुरुषासारखे बारीक कापलेले. अंगात साडीवर एक पांढरा कोट असायचा, त्याची अर्धी बटणं गेलेली. परळच्या एका हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात तिने आयुष्यभर नोकरी केली होती, तिथलाच तो कोट. तिथे डॉक्टर पेशंटला बघायचे आणि काकी पेशंटचं परत आलेलं ताट बघायची. कोणी काय टाकलं, कोणी भाताखाली भाजी लपवली, कोणी सगळं चाटूनपुसून खाल्लं. निवृत्त झाल्यावर बघायला ताटं राहिली नाहीत, तेव्हा तिने माणसांच्या जिभा बघायला सुरुवात केली. दूधवाल्याची बघितली, मंडळाच्या अध्यक्षाची वर्गणी देताना बघितली, आमच्याकडे मीटर बघायला आलेल्या माणसाचीही बघितली. तो माणूस पुढच्या महिन्यात आपणहून जीभ काढून उभा राहिला.

कारखान्यात, म्हणजे त्या दोन खोल्यांना आम्ही कारखाना म्हणायचो, तिथे तिचा एक नियम होता. सकाळी आल्या आल्या पहिली वाटी नाचणीच्या आंबिलीची. रात्री ताकात भिजवलेलं पीठ सकाळी शिजवून त्यात ठेचलेला लसूण आणि जिरं. त्यानंतर मूग नाहीतर मटकी, आणि कुठलीतरी पालेभाजी. हे खाल्ल्याशिवाय झाऱ्याला हात लावायचा नाही. आमच्यातली रंजना नवीन होती तेव्हा म्हणाली, काकी, मी घरून चहा-खारी खाऊन आले आहे. काकीने तिच्या हातातला झारा काढून घेतला आणि तिला अर्धा तास बाहेर पायरीवर बसवलं.

"उपाशी माणूस तळणीजवळ उभा केला की एक तर पडतो, नाहीतर मीठ विसरतो," ती म्हणायची. "डोकं वर दिसतं, पण चालतं पोटावर."

सणात माणसं आजारी का पडतात यावर ती तासभर बोलू शकायची. लोक म्हणतात थंडी पडली, फटाक्यांचा धूर झाला. काकी म्हणायची, चार दिवस नुसता मैदा, साखर आणि तेल पोटात गेलं, भाजी नाही, ताक नाही, झोप नाही, मग अंगात सर्दीशी भांडायला उरतं कोण. आपल्या कोकणात दिवाळीला चकली कुठे होती, असं तिचं ठरलेलं वाक्य. पोहे होते. गुळाचे, दह्याचे, आणि सोबत काळ्या वाटाण्याची उसळ. ती स्वतः नरकचतुर्दशीला तेवढंच करायची. एवढा फराळ विकणारी बाई फराळाच्या विरुद्ध बोलते, याचं गिऱ्हाइकांना आधी हसू यायचं. नंतर यायचं नाही. कारण फराळ ती पत्र्याच्या किंवा पुठ्ठ्याच्या डब्यात देत नसे. स्वतःचे स्टीलचे डबे होते, आणि डबा तुळशीच्या लग्नाआधी परत आणायचा नाही अशी अट होती. दिवाळी पाच दिवसांची, पण डबा पंधरा दिवस पुरला पाहिजे. आत माझ्या अक्षरातली चिठ्ठी असायची. सकाळी एक वाटी, जेवणावर नाही. दुपारच्या जेवणात भाजी दुप्पट. संध्याकाळी सातनंतर झाकण उघडायचं नाही.

दादरचे एक निवृत्त बँकवाले भाऊबिजेलाच रिकामा डबा घेऊन आले. पाहुणे फार आले म्हणाले. काकीने त्यांना पाहुण्यांची नावं विचारली. त्यांनी तीन सांगितली आणि अडखळले. काकीने त्यांच्यासमोर वहीतलं त्यांचं नाव खोडलं. पुढच्या वर्षी ते डबा मागायला आले तेव्हा त्यांची बायको शपथेवर बोलायला सोबत आली होती.

लोअर परळच्या एका ऑफिसातून एक साहेब आले होते. सगळ्या स्टाफला फराळ द्यायचा होता. आम्ही खूश झालो, महिनाभराचं काम होतं. काकीने विचारलं, तुमची माणसं दुपारी जेवतात कधी. साहेब म्हणाले, असं ठरलेलं नसतं, काम चालू असतं, तिथेच टेबलावर काहीतरी खातात, कधी तीन वाजता, कधी चार. काकी म्हणाली, आधी त्यांना जेवायची सुट्टी दे, मग फराळ दे. साहेबांना वाटलं म्हातारी गंमत करते. ती गंमत नव्हती. काम गेलं. आम्ही पाचजणी तिच्याकडे बघत राहिलो आणि ती शांतपणे करंजीचं सारण हलवत राहिली. त्या दिवशी मी घरी जाऊन यांना म्हटलं की ही बाई वेडी आहे. हे म्हणाले, तू पण तिथेच आहेस.

आता माझ्या मुलीचं लिहिते. त्यासाठीच ही वही काढली.

शीतल आमची एकुलती एक. मे महिन्यात तिचं लग्न झालं, वडाळ्याला दिली. घर चांगलं. सासू, सासरे, दीर, नवरा. जावई कुरियरच्या ऑफिसात, स्वभावाने गरीब. लग्नाच्या दिवशी तिला गाडीत बसवताना मी तिच्या कानात तेच सांगितलं जे माझ्या आईने मला सांगितलं होतं. सासरी मागून खायचं नाही. भूक लागली तरी थांबायचं. वाढतील तेवढं खायचं.

श्रावणानंतर तिच्या सासूबाईंचा फोन आला की जिकडेतिकडे शीतलचं कौतुक चाललंय. सोमवार धरते, गुरुवार धरते, शनिवार धरते, चतुर्थी, एकादशी सोडत नाही. आजकालच्या मुली कुठे करतात एवढं. मला इतकं बरं वाटलं. मी कारखान्यात सहसा बोलत नसे, पण त्या दिवशी करंज्या मुरडताना आपणहून सांगितलं. रंजना म्हणाली, नशीब काढलंस. काकी चकली घालत होती. तिचा हात थांबला.

"आणि उरलेल्या दिवशी काय खाते?"

मी म्हटलं, सगळे खातात तेच खात असेल.

"मी सगळ्यांचं विचारलं नाही. ती काय खाते?"

 मला राग आला. चांगली बातमी सांगितली तर ही बाई त्यातही पोट काढते. मी दिवसभर तिच्याशी बोलले नाही, पण मी तशीही बोलत नसल्यामुळे ते कोणाला कळलं नाही.

मग हळूहळू दुसऱ्या गोष्टी कानावर यायला लागल्या. शीतलला सारखी सर्दी होते. तोंड आलं, बरं होत नाही. पोट बिघडतं. सासूबाई फोनवर हसत सांगायच्या, तुमची लेक वेंधळी आहे हो, दूध गॅसवर ठेवते आणि विसरते, दाराची कडी लावायला विसरते, काल तर दुकानात जाऊन काय आणायचं तेच विसरून परत आली. मी म्हणायची, हो, लहानपणापासूनच जरा तशी आहे. खरं तर ती तशी नव्हती. चाळीतल्या सगळ्यांचे फोन नंबर तिला पाठ असायचे. आणि मी आई असून फोनवर हो म्हटलं, कारण विहिणीला नाही म्हणायचं मला सुचलं नाही.

दिवाळीला आठवडा होता. लालबागला रंग, पणत्या घ्यायला शीतल आली आणि मला भेटायला कारखान्यात डोकावली. मी तिला दोन महिन्यांनी बघत होते. दाराच्या उजेडात उभी होती म्हणून मला आधी फक्त साडीच दिसली, नवीन होती. काकीने मात्र साडी बघितली नाही.

"जीभ दाखव गो."

मी म्हटलं, काकी, राहू दे. शीतल हसली. तिला काकीच्या गोष्टी माहीत होत्या. तिने जीभ काढली. काकी उठून जवळ गेली, तिची हनुवटी धरून उजेडाकडे केली, अंगठ्याने डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. ओठांचे कोपरे फाटलेले होते. मग काही न बोलता तिने वाटीत आंबील ओतली आणि शीतलच्या पुढे धरली.

"उपास आहे काकी," शीतल म्हणाली.

"आज कुठल्या देवाचा?"

 भिंतीवर कॅलेंडर होतं, तिकडे शीतलची नजर गेली. बुधवार होता. एकादशी शनिवारी होती. चतुर्थी होऊन गेली होती. कढईतलं तेल वाजत होतं. रंजनाने गॅस बारीक केला.

"देवाचं नाव सांग, मी वाटी परत घेते," काकी म्हणाली.

 शीतलने वाटी घेतली. उभ्या उभ्या प्यायली. काकीने दुसरी दिली, तीही गेली. तिसऱ्या वाटीसोबत उसळ दिली तेव्हा ती खाली बसली, भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून, आणि खायला लागली. माझी मुलगी कशी खाते ते मला माहीत होतं. गप्पा मारत, बोटं चाटत, पसारा करत. ही जी खात होती ती मला ओळखू येत नव्हती. घास चावायच्या आत दुसरा घास हातात तयार.

"सावकाश," काकी म्हणाली. "इथे कोणी मोजत नाही."

मोजत म्हटल्यावर शीतलचा हात थांबला आणि ती रडायला लागली.

तिने जे सांगितलं ते एवढंसं होतं. तिला कोणी उपाशी ठेवलं नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात एकदा तिने तिसरी पोळी घेतली. सासूबाई सगळ्यांसमोर हसून म्हणाल्या, आमच्या सुनेची भूक दांडगी आहे हो, कणीक वाढवायला पाहिजे. दीर हसला, सासरे हसले, जावईही हसले. दुसऱ्या दिवशी दुसरी पोळी घेताना दिराने नुसतं डब्याकडे बघितलं. बस, एवढंच. त्यानंतर ती दोनवर आली, मग एकावर. पुरुषांचं झालं की दोघी सासू-सुना बसायच्या, भाजी बहुतेक संपलेली असायची. एका सोमवारी तिने खरंच उपास केला, आणि घरात पहिल्यांदा तिची स्तुती झाली. उपासाच्या दिवशी पानावर बसावं लागत नाही. कोण किती घेतं हे कोणी बघत नाही. म्हणून तिने गुरुवार धरला. मग शनिवार. मग जे दिवस नव्हते तेही.

"आईनंच सांगितलं होतं, मागायचं नाही," ती काकीला म्हणाली. माझ्याकडे तिने बघितलं नाही.

मी तिथेच पाटावर बसले होते, हातात अर्धी मुरडलेली करंजी. ती करंजी मी किती वेळ धरून बसले मला माहीत नाही, रंजनाने नंतर ती माझ्या मुठीतून काढली. मला एवढंच आठवतं की मी या सगळ्या बायकांना अभिमानाने सांगितलं होतं. माझ्या लेकीची भूक मी भक्ती म्हणून मिरवली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला महापालिकेच्या दवाखान्यात नेलं. रक्त फारच कमी निघालं. डॉक्टरबाईंनी गोळ्या दिल्या आणि नीट जेवायला सांगितलं, जसं काही ते आमच्या हातात होतं. शीतलने बजावलं, घरी कोणाला सांगायचं नाही. पाडव्याला दिवाळसण होता, जावई पहिल्यांदा दिवाळीला आमच्याकडे जेवायला येणार होते. मी काकीचे पाय धरायचे बाकी ठेवले. म्हटलं, तू काही बोलू नको, माझ्या पोरीचं घर मोडेल. काकी म्हणाली, मी बोलणार नाही.

पाडव्याला आमची पानं मांडली आणि दारात काकी उभी. कोटासकट. हातात काळ्या वाटाण्याच्या उसळीचं पातेलं. हे तिला बोलावल्यासारखं या या म्हणाले.  तिने उसळ स्वतः वाढली, जावयांच्या शेजारी बसली आणि कोकणातल्या पोह्यांच्या गोष्टी सांगायला लागली. जावई हसत होते. मला वाटलं, सुटले. तेवढ्यात तिने सहज विचारलं, घरी पोळ्या किती लागतात.

जावई म्हणाले, खूप लागतात. बाबांच्या चार, धाकट्याच्या पाच, कधी सहा, माझ्या चार, आईच्या दोन.

"आणि हिच्या?"

जावयांनी शीतलकडे बघितलं. शीतल पानात बघत होती. "तिचा उपास असतो ना," ते म्हणाले.

"उपास नसतो त्या दिवशी?"

यांनी मला डोळ्यांनी विचारलं की काय चाललंय. मी पदर तोंडाला लावला. जावई बराच वेळ आठवत राहिले. मग म्हणाले, "मी कधी बघितलं नाही."

"बघ," काकी म्हणाली. उठली, हात धुतले, रिकामं पातेलं घेतलं आणि गेली.

जावई पुढे काही खाऊ शकले नाहीत. ओवाळणी झाली, कपडे दिले, पण सगळं सुतकासारखं. हे माझ्यावर ओरडले नाहीत, नुसते म्हणाले की सणाच्या दिवशी जावयाचा पाणउतारा झाला. दुसऱ्या दिवशी विहीणबाईंचा फोन आला. मुलाने घरी जाऊन विचारलं होतं. त्या म्हणाल्या, आमच्याकडे सुनेला उपाशी मारतात असं तुम्ही लालबागभर सांगत फिरता का.  मी नुसतं हं हं केलं. त्यानंतर चार दिवस शीतलने माझा फोन उचलला नाही.

पाचव्या दिवशी मी कारखान्यात गेले ती काकीशी भांडायला. जन्मात कोणाशी भांडले नव्हते, म्हणून रस्त्याने वाक्यं पाठ करत गेले. काकी एकटीच होती, उरलेले डबे पुसून रचत होती. मी म्हटलं, तू वचन मोडलंस, तू माझ्या पोरीचं वाटोळं केलंस. माझा आवाज मलाच परका वाटत होता. ती शेवटपर्यंत ऐकून घेत राहिली.

"मी बोलले नाही. विचारलं," ती म्हणाली. "आता पुढचं तुझं."

मी म्हटलं, तू चल माझ्यासोबत वडाळ्याला, मला बोलता येत नाही.

"मी कोण तिची? मला दारातून घालवतील. तुला घालवता येणार नाही, तू विहीण आहेस. तू गेलीस की त्यांना पान मांडावं लागतं." तिने एक डबा फडक्याने दोनदा पुसला. "बोलता येत नाही ना, मग बोलू नको. जेवायला बस. बुधवारी जा, म्हणजे कुठल्या देवाचं नाव पुढे येणार नाही."

मी बुधवारी गेले. न सांगता. साडेबारा वाजले होते. विहीणबाईंनी दार उघडलं, त्यांचं तोंड बघून मला परत फिरावंसं वाटलं. पण त्या या म्हणाल्या, बसा म्हणाल्या, पाणी दिलं. शीतल आतून आली आणि मला बघून तिथेच थांबली. सासरे जेवून पेपर वाचत होते. इकडच्या तिकडच्या चार गोष्टी झाल्या, म्हणजे त्या बोलल्या आणि मी मान हलवली. मग काकी म्हणाली होती तसंच झालं. माझं पान मांडलं. दोन पोळ्या, बटाट्याची भाजी, वरण, भात.

मी पानावर बसले आणि हात मांडीवर ठेवला.

विहीणबाई म्हणाल्या, घ्या ना. मी म्हटलं, शीतल बसू दे. त्या म्हणाल्या, ती नंतर माझ्याबरोबर बसते.  मी हात उचलला नाही. वरण निवायला लागलं.  एवढ्या वयात मी कोणाच्या घरात अशी अडून बसले नव्हते. शेवटी सासरे पेपरच्या आडून म्हणाले, अगं, वाढ तिला पण.

शीतलचं पान माझ्या शेजारी आलं. आम्ही जेवायला लागलो. मी दोन पोळ्यांची बाई. दोन झाल्यावर शीतलच्याही दोन झाल्या आणि तिने हात आवरता घेतला. मी म्हटलं, मला अजून एक द्या. विहीणबाईंनी दिली. ती खाल्ली. पोट भरलं होतं. पुन्हा ताट पुढे केलं. सुनेच्या भुकेला हसता येतं, विहिणीच्या भुकेला नाही, हे मला त्या पानावर बसल्यावर कळलं.

विहीणबाई डब्याचं झाकण धरून माझ्याकडे बघत होत्या. "अजून वाढू?"

"वाढा," मी म्हटलं. "शीतललापण वाढा."

त्या घरात मी एवढं कधीच बोलले नव्हते. विहीणबाईंनी माझ्या पानात पोळी टाकली, मग जरा थांबून शीतलच्या पानात टाकली. कोणी हसलं नाही. शीतलने ती पोळी मोडली आणि सावकाश खाल्ली. माझी चौथी काही केल्या गिळवत नव्हती, पण मी पाण्याबरोबर उतरवली.

परत येताना मला धड चालवत नव्हतं. तशीच लालबागला उतरून काकीकडे गेले आणि उंबऱ्यातच बसून सगळं सांगितलं. वाटलं होतं, ती शाबास म्हणेल. तिने आधी विचारलं, भाजी कसली होती. मी म्हटलं, बटाट्याची. पालेभाजी नव्हती? नव्हती. ताक? नव्हतं. तिने नापसंतीने मान हलवली. मग विचारलं, "आणि विहिणीने किती खाल्लं?"

मी आठवायला लागले. आम्ही उठलो तेव्हा त्या उभ्याच होत्या. डब्यात मला वाटतं पोळी उरली नव्हती, शेवटच्या माझ्या आणि शीतलच्या पानात गेल्या. भाजीचं पातेलं शीतलने घासायला नेलं. त्यानंतर चहा झाला. त्या जेवल्या की नाही, कधी जेवल्या, काय जेवल्या, मला काहीच सांगता येईना. एवढा वेळ मी त्यांच्या समोर बसले होते.

"मी बघितलं नाही," मी म्हटलं.

हे शब्द तोंडातून गेले आणि मी दचकले. पाडव्याला जावई हेच बोलले होते आणि मी पदराआडून त्यांच्याकडे किती रागाने बघितलं होतं.

 काकीने कोटाच्या खिशातून भाजीची रिकामी पिशवी काढून माझ्या हातात दिली आणि डबे लावायला वळली.

पुढच्या बुधवारी मी सकाळी बाजारातून लाल माठाच्या दोन जुड्या घेतल्या आणि वडाळ्याला गेले. विहीणबाईंनी दार उघडलं. मी सरळ स्वयंपाकघरात जाऊन माठ निवडायला बसले आणि म्हटलं, आज तीन पानं मांडा.